दोघांनी युरोपात रेल्वेने फिरायचं तर: पॅरिस ते प्राग, पायरी पायरीने

साल्झबर्गच्या फलाटावर मी दोन बॅगांपाशी उभी होते आणि माझा नवरा समोरच्या गाडीत. वरच्या फळीवर राहिलेली छोटी सॅक आणायला तो परत चढला, तेवढ्यात दारं मिटली आणि गाडी सुटली. पुढचा थांबा लिन्झ, तासाभराच्या अंतरावर. दोघांची तिकिटं त्याच्या फोनमध्ये होती, हॉटेलचा पत्ता त्याच्या फोनमध्ये, युरोपातलं सिमही त्याच्याच फोनमध्ये. मी आठवडाभर त्याच्या हॉटस्पॉटवर चालले होते. माझा पासपोर्टसुद्धा त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये होता.

स्टेशनच्या मोफत वाय-फायवर आमचं बोलणं झालं, तो लिन्झला उतरून उलट्या गाडीने परत आला. अडीच तास गेले, बाकी काही बिघडलं नाही. पण तेवढा वेळ बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर जे लिहून काढलं, त्यातूनच हा लेख तयार झाला. युरोपातली रेल्वे समजायला अवघड नाही. मुंबईच्या लोकलमध्ये चढता येणाऱ्या माणसाला ती दोन दिवसांत कळते. अडचण होते ती जोडप्यातला एकजण सगळं सांभाळतो आणि दुसरा नुसता मागे चालतो तेव्हा. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावा: आत्ता, या क्षणी आपली ताटातूट झाली, तर दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने मुक्कामी पोचता येईल का?

१. आधी मार्ग ठरवा, आणि रात्री देशांप्रमाणे मोजा

आमचा मार्ग असा होता: पॅरिस ४ रात्री, ल्युसर्न ३, साल्झबर्ग २, व्हिएन्ना ३, प्राग ३. एकूण १५ रात्री, ५ शहरं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी याहून जास्त शहरं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शहर बदलायचा दिवस म्हणजे बॅग भरणं, स्टेशन गाठणं, प्रवास, नवं हॉटेल शोधणं. त्या दिवशी फिरणं फारसं होत नाही.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई–पॅरिस आणि येताना प्राग–मुंबई असं काढा. परतीसाठी पुन्हा पॅरिसला यायचं ठरवलंत तर अख्खा दिवस आणि दोघांचं लांबचं तिकीट वाया जातं. आरक्षण करताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की हे जमतं.

इथे एक सापळा आहे, त्यात आम्ही जवळजवळ अडकलो होतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. पॅरिसला ४ रात्री म्हणजे सर्वांत मोठा मुक्काम, म्हणून आम्ही फ्रान्सचा अर्ज भरायला घेतला होता. पण साल्झबर्ग आणि व्हिएन्ना दोन्ही ऑस्ट्रियात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या झाल्या ५ रात्री. अर्ज ऑस्ट्रियाकडेच जायला हवा होता. रेल्वेच्या प्रवासात एकाच देशातली दोन-तीन शहरं सहज येतात, त्यामुळे ही चूक फार जणांकडून होते.

२. व्हिसाचे कागद

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिसा केंद्राची वेळच लवकर मिळत नाही. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन, शुल्क दोन आणि बोटांचे ठसेही दोघांनी प्रत्यक्ष जाऊन द्यायचे.

दोघांनी वेगवेगळ्या फाइलींत ठेवायचे कागद:

– पासपोर्ट: युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत दिलेला, दोन कोरी पानं असलेला
– ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
– किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा
– बँकेचा खातेउतारा, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, कार्यालयाचं रजेचं पत्र. निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
– विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचं आरक्षण, दोघांच्या नावासह
– दिवसवार प्रवासपत्रक, त्यात रेल्वेने कुठून कुठे जाणार ते
– विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत

शेवटच्या कागदाबद्दल थोडं सांगते. आपल्याकडे लग्नानंतर बायकोचं आडनाव, कधी कधी नावही बदलतं आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो. माझा तसाच आहे. त्याने काही अडत नाही, पण मग विमा, विमान, हॉटेल, रेल्वे, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. घरी कुणी कौतुकाने सासरच्या नावाने तिकीट काढलं, तर गाडीत तपासनीस पासपोर्ट मागेल तेव्हा ते जुळणार नाही. एकाच्या खर्चावर दुसरा जात असेल तर नातं दाखवायला हे प्रमाणपत्र लागतं.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेतात; बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात, ते फक्त पडताळून बघतात. त्यामुळे विमानतळावर वेळ लागू शकतो. पॅरिसला उतरल्या दिवशी पुढची रेल्वे ठेवू नका.

३. पास घ्यायचा की सुटी तिकिटं?

युरेल हा रेल्वेचा पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. त्यातला ग्लोबल पास ३३ देशांत चालतो; एका महिन्यात ४, ५ किंवा ७ प्रवासदिवस, अशा पद्धतीने मिळतो. प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, त्यात हव्या तेवढ्या गाड्या. ऐकायला फार सोयीचं वाटतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. फ्रान्सच्या टीजीव्हीसारख्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावंच लागतं, आणि पासधारकांसाठी त्या जागा मर्यादित असतात. शिवाय पास मोबाइलवर असतो. गाडीत बसण्याआधी ती गाडी ॲपमध्ये त्या दिवसाच्या प्रवासात जोडावी लागते. हे राहिलं तर पास असूनही तुम्ही विनातिकीट ठरता.

आमचे लांबचे प्रवास चारच होते:

– पॅरिस ते बासेल टीजीव्हीने सुमारे ३ तास, तिथून ल्युसर्न तासाभरात
– ल्युसर्न ते झुरिक पाऊण तास, झुरिक ते साल्झबर्ग साडेपाच तासांच्या आसपास
– साल्झबर्ग ते व्हिएन्ना अडीच तास
– व्हिएन्ना ते प्राग ४ तास

यातले शेवटचे दोन प्रवास आधी काढले तर स्वस्तात होतात. ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ नावाची सवलतीची तिकिटं असतात, त्यांच्यामुळे चार दिवसांचा पास आम्हाला महाग पडत होता. म्हणून आम्ही सुटी तिकिटं घेतली. माझा सल्ला असा: तारखा पक्क्या असतील आणि प्रवास चार-पाचच असतील तर सुटी तिकिटं, सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवणाऱ्यांसाठी पास. सवलतीचं तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत ते काढू नका, भले थोडं महाग मिळालं तरी चालेल.

युरोपाचं रेल्वे वेळापत्रक दर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बदलतं. नाताळच्या सुट्टीत जायचं असेल आणि ऑगस्टमध्ये गाड्याच दिसत नसतील तर घाबरू नका; नवं वेळापत्रक अजून उघडलेलं नसतं.

तिकिटं शक्यतो त्या त्या देशाच्या रेल्वेच्या ॲपवर काढा: फ्रान्ससाठी एसएनसीएफ कनेक्ट, स्वित्झर्लंडसाठी एसबीबी, ऑस्ट्रियासाठी ओबीबी. वेळापत्रक बघायला जर्मन रेल्वेचं डीबी नेव्हिगेटर जवळजवळ सगळ्या युरोपासाठी उपयोगी पडतं. तिकीट आलं की त्याची पीडीएफ लगेच दुसऱ्याच्या फोनमध्ये टाका आणि ती इंटरनेटशिवाय उघडते का ते बघा. साल्झबर्गला मला हीच एक गोष्ट हवी होती.

४. दोन फोन, दोन सिम, दोघांकडे पैसे

ई-सिम दोघांची वेगळी घ्या. हॉटस्पॉटमुळे वाचणारे पैसे हजार-दीड हजार रुपये असतील, पण त्यामुळे दुसरा माणूस पहिल्यापासून दहा मीटरच्या दोरीने बांधला जातो. भारतातलं सिमही चालू ठेवा आणि त्यावर संदेश येतील एवढं रोमिंग घ्या, कारण कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करून घ्या.

या मार्गावर तीन चलनं लागतात: फ्रान्स आणि ऑस्ट्रियात युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतं तेव्हा नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो. फॉरेक्स कार्ड एकाकडे, क्रेडिट कार्ड दुसऱ्याकडे, आणि दोघांच्याही खिशात थोडी नाणी. स्टेशनांवरची स्वच्छतागृहं बहुधा पैसे घेतात. गाडीतली मोफत असतात.

५. सामान

हमाल नाहीत. कित्येक डब्यांना दोन-तीन पायऱ्या असतात आणि गाडी मधल्या स्टेशनांवर दोन-चार मिनिटंच थांबते. म्हणून एकच नियम: आपली बॅग आपल्याला एकट्याने उचलता आली पाहिजे. घरी भरलेली बॅग घेऊन एक जिना चढून बघा. दमलात तर सामान कमी करा. दोघांत मिळून एक मोठी बॅग हा विचार तर सोडूनच द्या. ती उचलणारा एकच असतो आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय हलता येत नाही. बॅगेवर नावाची चिठ्ठी लावा; फ्रान्समध्ये ती सक्तीची आहे.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, भाकरवडी, दशम्या, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. पण तूप, पेढे, बर्फी, चक्का असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. हापूसही नाही: ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. पॅरिसमधल्या भाचीसाठी आंब्याची पेटी न्यायची इच्छा मी समजू शकते, पण ती विमानतळावर काढून घेतील.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकानं मात्र उघडी असतात, झुरिक आणि व्हिएन्नात हमखास.

६. स्टेशनवर: खरी परीक्षा इथेच

स्टेशनचं पूर्ण नाव बघा. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं सहा-सात आहेत आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. स्वित्झर्लंडची टीजीव्ही गार द ल्योंवरून सुटते. हे स्टेशन ल्यों शहरात नाही, पॅरिसमध्येच आहे. ल्योंच्या दिशेच्या गाड्या तिथून जातात म्हणून ते नाव. तिथे आत गेल्यावर आणखी एक घोळ होतो. काही फलाटांना अक्षरं आहेत आणि काहींना आकडे, दोन्ही वेगवेगळ्या दालनांत. आम्ही अक्षरांच्या दालनात कॉफी घेत बसलो होतो आणि गाडी लागली आकड्यांच्या बाजूला. फलाट सुमारे वीस मिनिटं आधीच जाहीर होतो आणि टीजीव्हीत सुटण्याच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. पाऊण तास आधी पोचा, आणि दोन्ही दालनांच्या मधोमध पाटी दिसेल अशा जागी थांबा.

शहरांची नावं तिथल्या भाषेत असतात. व्हिएन्ना म्हणजे ‘वीन’, प्राग म्हणजे ‘प्राहा’, ल्युसर्न म्हणजे ‘लुत्सर्न’. ॲपमध्ये इंग्रजी नाव टाकून चालतं, पण फलाटावरच्या पाटीवर स्थानिक नावच दिसतं. ‘हाउप्टबानहोफ’ म्हणजे मुख्य स्टेशन. पाटीवर त्याचं छोटं रूप असतं. व्हिएन्नाला मुख्य स्टेशनच्या आधी माइडलिंग लागतं. शहर आलं म्हणून घाईने तिथे उतरू नका, अर्थात हॉटेल त्या बाजूला नसेल तर.

जर्मन भाषक देशांत भिंतीवर दोन छापील वेळापत्रकं असतात. पिवळं म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरं म्हणजे येणाऱ्या. गडबडीत पांढरं वाचून चुकीच्या फलाटावर जाणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

झुरिकच्या मुख्य स्टेशनात फलाट तीन ठिकाणी आहेत: वरचे ३ ते १८, आणि जमिनीखाली ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४. बॅगा घेऊन एका भागातून दुसऱ्या भागात जायला दहा मिनिटं सहज लागतात. ॲप सात मिनिटांत बदलायची जोडगाडी, म्हणजे पुढची गाडी, दाखवतं. स्विस माणसाला ती मिळते, पहिल्यांदा आलेल्याला मिळेलच असं नाही. किमान २५ मिनिटं ठेवा.

काही गाड्या दोन भागांच्या असतात आणि वाटेत त्यांचे दोन तुकडे होऊन ते वेगळ्या गावांना जातात. दारावर किंवा दाराशेजारी त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. एकाने डबा क्रमांक वाचावा, दुसऱ्याने शेवटचं स्टेशन वाचावं, मगच चढावं.

प्रागला पाटीवर फलाट आणि रूळ असे दोन वेगळे आकडे येतात. दोन्ही लिहून घ्या.

७. गाडीत चढताना, बसल्यावर, उतरताना

दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. चढताना एकाने आधी वर जावं, दुसऱ्याने खालून सामान द्यावं आणि शेवटी चढावं.

रेलजेट या ऑस्ट्रियन गाडीत जागेचं आरक्षण सक्तीचं नाही, तिकिटात ते आपोआप येतही नाही. थोड्या युरोंत मिळतं, घ्याच. नाहीतर सुट्टीच्या दिवसांत दोघांना दोन टोकांना बसावं लागतं. आरक्षण करताना ‘शांतता विभाग’ टाळा, तिथे गप्पा आणि फोन चालत नाहीत. झुरिकहून निघताना गाडीच्या दिशेने डावीकडची खिडकी मागा. आधी झुरिकचं सरोवर आणि मग वालेनसे हे दुसरं सरोवर, दोन्ही त्याच बाजूला आहेत. वालेनसेच्या पलीकडे पाण्यातून सरळ वर गेलेले कडे बघून आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही. पुढे बुख्स स्टेशनात गाडीची दिशा उलटते, तुम्ही पाठमोरे होता. गाडी चुकली असं वाटून घेऊ नका. मग १८८४ साली उघडलेला, दहा किलोमीटरहून लांब आर्लबर्गचा बोगदा येतो. इन्सब्रुकनंतर गाडी न थांबता जर्मनीचा एक कोपरा ओलांडते आणि फोनवर जर्मनीत स्वागत असल्याचा संदेश येतो.

शेंगेनमध्ये सीमेवर नेहमीची तपासणी नसली तरी पोलीस गाडीत येऊन पासपोर्ट मागू शकतात. पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, अंगावरच्या पाऊचमध्ये. एकजण स्वच्छतागृहात गेला की दुसऱ्याने जागेवरून हलायचं नाही. मोठ्या स्टेशनांवर गाडी उभी असतानाच बॅगा जातात, तेव्हा नजर सामानावर.

उतरायच्या दहा मिनिटं आधी सगळं सामान दाराशी आणा आणि नग मोजा. मोठ्याने मोजा. आमचे पाच होते, आम्ही चार घेऊन उतरलो. आणि काही राहिलंच, तर परत चढू नका. हरवलेल्या सामानाची चौकशी करता येते.

८. गाडी उशिरा आली तर

युरोपीय संघाच्या नियमानुसार ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. वादळ, पूर अशा कारणांना अपवाद आहे. पण पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढची गाडी चुकली तर काय. दोन्ही गाड्या एकाच सलग तिकिटावर असतील तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. स्वस्त मिळतात म्हणून दोन तुकडे वेगळे काढले असतील तर दुसरं तिकीट बुडू शकतं. जोडगाडी असलेला प्रवास सलग तिकिटावरच करा.

९. शहरातल्या शहरात

पॅरिसला मेट्रो-बससाठीची ‘नाविगो ईझी’ कार्डं दोघांची दोन लागतात. एकाच कार्डावर दोघांना एका वेळी जाता येत नाही. ल्युसर्न आणि साल्झबर्गला हॉटेलात उतरल्यावर पाहुण्यांसाठीच्या मोफत बस-प्रवासाच्या कार्डाबद्दल विचारा. व्हिएन्ना आणि प्रागला मेट्रोत अडवणारी फाटकं नसतात. कागदी तिकीट आत शिरताना यंत्रात घालून शिक्का मारायचा असतो. शिक्का नसलेलं तिकीट विनातिकीट धरलं जातं आणि साध्या कपड्यांतले तपासनीस पर्यटकांना सूट देत नाहीत.

व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं, आणि ते फार गोड आहे.

१०. परतीचा दिवस

प्रागच्या विमानतळापर्यंत रेल्वे नाही, हे शेवटच्या दिवशी कळलं तर धावपळ होते. मेट्रोच्या ‘अ’ मार्गाने नाद्राझी व्हेलेस्लावीन स्टेशनपर्यंत जा आणि तिथून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस धरा. मोठ्या बॅगांसाठी वेगळं तिकीट लागतं का ते यंत्रावर बघून घ्या. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं धरून हॉटेल सोडा. आम्ही निघालो तेव्हा आमच्या डब्यात दोन तिकिटं होती, दोन्हींवर शिक्के होते, एक त्याच्या खिशात आणि एक माझ्या.